सेंटरवर उभा राहिलेला वकील

अमेरिकन फुटबॉल मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. घरात मॅच लागली की मी उठून जाते, दर काही सेकंदांनी थांबणाऱ्या खेळात लोकांना एवढं काय दिसतं ते मला इतकी वर्षं बॉस्टनजवळ राहूनही कळलेलं नाही. पण या खेळाचा जुना इतिहास द्या, मी रात्री दोनपर्यंत वाचत बसेन. म्हणजे १८८० ते १९०५ वगैरेचा काळ, जेव्हा हेल्मेट नव्हतं, फॉरवर्ड पास नव्हता, प्रोफेशनल लीग नव्हती, आणि खेळणारे सगळे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनचे, बापाच्या पैशावर शिकणारे आणि पुढे जाऊन बँकर नाहीतर सिनेटर होणारे. त्या काळच्या टीमच्या फोटोंत सगळे कसे एका साच्यातले, मधोमध भांग, हाताची घडी, चेहऱ्यावर हसू नाही. आणि त्यात एकाएकी एक काळा माणूस. ॲमहर्स्टच्या १८९१च्या टीमचा तर तो कॅप्टनच. विल्यम हेन्री लुईस.

१८६८ साली व्हर्जिनियात जन्म. आई-वडील दोघंही आधी गुलाम होते. गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ला, म्हणजे हा त्यानंतर तीनच वर्षांनी जन्मलेला मुलगा. वडील बॅप्टिस्ट चर्चमध्ये धर्मोपदेशक. पीटर्सबर्गला कृष्णवर्णीय मुलांसाठी सरकारी संस्था निघाली होती, व्हर्जिनिया नॉर्मल अँड कॉलेजिएट इन्स्टिट्यूट, तिथे तो पंधरा-सोळाव्या वर्षी गेला, आणि तिथले अध्यक्ष जॉन मर्सर लँगस्टन, जे पुढे व्हर्जिनियातून काँग्रेसवर निवडून आले, त्यांच्या मदतीने मॅसॅच्युसेट्सच्या ॲमहर्स्ट कॉलेजात. सोबत एक वर्गमित्रही आला, त्याचं नाव विल्यम टेकम्सी शर्मन जॅक्सन. दक्षिणेची राखरांगोळी करणाऱ्या जनरल शर्मनचं अख्खं नाव आई-बापांनी पोराला ठेवलं, व्हर्जिनियात राहून! मला त्या आई-बापांना भेटायला फार आवडलं असतं.

दोघंही ॲमहर्स्टच्या फुटबॉल टीममध्ये खेळले. लुईसला कॅप्टन केलं ही गोष्ट आज वाचताना 'हं, पहिला कृष्णवर्णीय कॅप्टन' अशी एका ओळीत निघून जाते, पण त्या काळात कॅप्टन म्हणजे काय हे समजून घेतलं पाहिजे. पगारी कोच हा प्रकार तेव्हा जेमतेम सुरू होत होता. टीम निवडायची कॅप्टनने, सराव घ्यायचा कॅप्टनने, कुठली चाल खेळायची ते मैदानात ओरडून सांगायचं कॅप्टनने. आणि त्याला निवडून द्यायची टीममधलीच पोरं. म्हणजे गोऱ्या मुलांनी मतं देऊन 'आम्हाला हा सांगेल ते आम्ही करू' असं ठरवलं होतं. १८९२ला पदवी मिळाली तेव्हा वर्गाचा वक्ता म्हणूनही तोच. त्या समारंभाला हार्वर्डमधून एक तरुण मुद्दाम आला होता, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस, पुढचा मोठा कृष्णवर्णीय विचारवंत. त्याला ही दोन काळी मुलं पदवी घेताना बघायची होती. हा ड्यू बॉइस पुढे परत येणार आहे.

मग हार्वर्ड लॉ स्कूल. आणि इथे आजच्या माणसाला हसू येईल अशी गोष्ट आहे. एका कॉलेजात खेळून पदवी घेतलेला माणूस दुसऱ्या युनिव्हर्सिटीत वकिली शिकायला गेला की तिथे पुन्हा टीममध्ये खेळू शकत होता, कोणी विचारायचं नाही. लुईस १८९२ आणि १८९३ असे दोन सीझन हार्वर्डकडून सेंटर खेळला.

सेंटर म्हणजे जो वाकून बॉल मागे देतो तो. चाल त्याच्यापासून सुरू होते आणि नंतर त्याच्याकडे कोणी बघत नाही, सगळ्यांच्या नजरा बॉलमागे. त्या काळचे नियम म्हणजे तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचं, पुढे पास टाकायला बंदी, त्यामुळे करायचं काय तर अकरा जणांनी एकत्र होऊन समोरच्या भिंतीत घुसायचं. पुन्हा पुन्हा. पंचेचाळीस मिनिटांचे दोन हाफ, जखमी झाल्याशिवाय बदली नाही, तीच माणसं आक्रमणाला आणि तीच बचावाला. डोकं वाचवायला केस वाढवायचे एवढाच काय तो उपाय. या सगळ्याच्या ऐन मध्ये सेंटर. आणि लुईसचं वजन साधारण १७५ पौंड, म्हणजे ऐंशी किलोही नाही. सेंटरसाठी हे कमीच. त्याच्याबद्दल जे लिहिलं गेलंय त्यात ताकदीपेक्षा त्याच्या चपळाईचं आणि डोक्याचं कौतुक जास्त आहे.

नोव्हेंबर १८९२मध्ये स्प्रिंगफिल्डला येलविरुद्ध हार्वर्डने जी चाल काढली तिचं नाव फ्लाइंग वेज. ती शोधून काढली होती लोरिन डिलँड नावाच्या बॉस्टनच्या एका गृहस्थाने, जो स्वतः कधी फुटबॉल खेळलेला नव्हता, बुद्धिबळाचा शौकीन आणि लढायांची पुस्तकं वाचणारा. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला हार्वर्डचे खेळाडू दोन टोळ्या करून मागून पळत आले आणि बॉलपाशी येता येता एकमेकांना मिळून बाणाच्या टोकासारखे येलच्या माणसांवर आदळले. हे बघून देशभर सगळ्यांनी तेच करायला सुरुवात केली, आणि इतकी माणसं मोडली की १८९४पर्यंत ती चाल बंदच करावी लागली. बाय द वे ती मॅच येलनेच जिंकली, ६-०. इतका खटाटोप करून.

वॉल्टर कॅम्प, ज्याला या खेळाचा बाप म्हणतात, तो देशातल्या सर्वोत्तम अकरांची यादी काढायचा, ऑल-अमेरिका टीम. लुईस त्यात १८९२ला आला आणि १८९३ला पुन्हा आला. पहिला कृष्णवर्णीय. दुसरा कधी आला? १९१६ला, ब्राऊन युनिव्हर्सिटीचा फ्रिट्झ पोलार्ड. मधे तेवीस वर्षं. 'दार उघडलं' वगैरे आपण किती सहज लिहितो ना, तेवीस वर्षं त्या दारातून कोणी आत आलेलंच नाही.

आणि मला लुईस खऱ्या अर्थाने आवडायला लागला तो यातल्या कशामुळेच नाही. तो आवडला न्हाव्याच्या दुकानामुळे.

१८९३. हा माणूस देशातला सर्वोत्तम सेंटर, हार्वर्डच्या नावासाठी दर शनिवारी अंग ठेचून घेणारा, शेवटच्या मॅचला कॅप्टनच्या जागी कॅप्टन म्हणून उतरलेला. आणि केंब्रिजमध्ये, हार्वर्डच्या अगदी दाराशी, एका न्हाव्याने त्याची दाढी करायला नकार दिला. मैदानावर त्याच्यासाठी ओरडणारी मुलं त्याच दुकानात दाढी करून घेत असणार. आता आपल्याकडे ज्यांनी खेडेगावातल्या न्हाव्याच्या ओट्याबद्दल ऐकलंय, कोणाची दाढी होते आणि कोणाची होत नाही हे ज्यांच्या आजोबांनी सांगितलंय, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. लुईसने काय केलं, तर गाजावाजा करून घरी गेला नाही, तो आणि बाकीचे काही जण थेट कायद्याच्या मागे लागले आणि मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडून सार्वजनिक ठिकाणांच्या भेदभावविरोधी कायद्यात त्याच वर्षी न्हाव्याची दुकानंसुद्धा घालून घेतली. लॉ स्कूलचा विद्यार्थी, अजून वकील नाही. दाढीवरून कायदा बदलला. मला ऑल-अमेरिकापेक्षा हे मोठं वाटतं, खरंच.

१८९५ला वकील झाला आणि त्याच साली हार्वर्डचा कोच. १९०६पर्यंत. इथे जरा थांबते, कारण त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण या भागावरून भर्रकन पुढे जातात आणि खरं काम इथेच आहे.

तो मुख्य कोच कधीच नव्हता. मुख्य कोच येत-जात राहिले, १८९८ला कॅमेरॉन फोर्ब्स होता, जो पुढे फिलिपीन्सचा गव्हर्नर जनरल झाला, त्या वर्षी हार्वर्ड एकही मॅच हरलं नाही आणि येलला १७-० हरवलं. लुईसकडे असायची लाइन, म्हणजे पुढची ती भिंत, आणि बचाव. दिवसा बॉस्टनमध्ये वकिली, शरद ऋतूतल्या दुपारी सोल्जर्स फील्डवर, म्हणजे हार्वर्डच्या मैदानावर, गोऱ्या घरंदाज पोरांना वाकून कसं उभं राहायचं, समोरच्याचा हात कसा निष्प्रभ करायचा, पडलेल्या बॉलवर कसं झेपावायचं हे शिकवणं. १८९६ला त्याने एक छोटं पुस्तक लिहिलं, हार्पर प्रकाशनाने काढलं, 'अ प्रायमर ऑफ कॉलेज फुटबॉल'. त्या काळी जे ते नवनव्या चालींच्या मागे धावत होतं, डिलँडचा परिणाम, आणि हा माणूस पानंच्या पानं खर्च करतो कशावर, तर बॉल देणं, झेलणं, अडवणं, टॅकल करणं, फट पाडणं. मूलभूत गोष्टी. कुस्तीच्या आखाड्यातला जुना वस्ताद डावांआधी नुसत्या बैठका मारून घेतो ना, तसाच हा प्रकार.

त्याच्या आजूबाजूला एक छोटंसं वर्तुळही होतं. मॅथ्यू बुलक, डार्टमथचा, १९०३ला प्रिन्स्टनविरुद्ध खेळताना ज्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, तो हार्वर्डला वकिली शिकायला आला आणि १९०४ला मॅसॅच्युसेट्स ॲग्रिकल्चरल कॉलेजचा मुख्य कोच झाला, गोऱ्यांच्या कॉलेजातला पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच. विल्यम क्लॅरन्स मॅथ्यूज, हार्वर्डचा बेसबॉलचा शॉर्टस्टॉप, तोही पुढे वकीलच. खेळ, लॉ स्कूल, वकिली. या लोकांना पक्कं माहीत होतं की खेळाने नाव होतं, पण नुसत्या नावाने न्हावी दाढी करत नाही.

मग आलं १९०५. त्या एका सीझनमध्ये फुटबॉलमुळे मेलेल्या खेळाडूंचा पेपरवाल्यांनी मोजलेला आकडा १८, बरेचसे शाळकरी पोरं. प्रेसिडेंट थिओडोर रूझवेल्टने ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून घेतलं आणि खेळ सुधारा म्हणून सांगितलं. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट तर हा खेळ बंदच करा म्हणणारे. तिकडे न्यूयॉर्कच्या कोलंबियाने खरंच बंद केला, थेट दहा वर्षं. यावरून आठवलं, बाबासाहेब आंबेडकर १९१३ला कोलंबियात शिकायला आले तेव्हा त्या युनिव्हर्सिटीत फुटबॉलची टीमच नव्हती, ती परत आली १९१५च्या सीझनला, बाबासाहेब तिथे असतानाच. त्यांनी एखादी मॅच पाहिली असेल असं मला अजिबात वाटत नाही, लायब्ररी बंद होईपर्यंत उठायचे नाहीत म्हणतात, पण कॅम्पसवर कल्ला तर कानावर आलाच असेल.

१९०६ला नियम बदलले. फॉरवर्ड पास आला, पाच यार्डांचे दहा झाले. पण आणखी एक बदल झाला ज्याबद्दल कोणी बोलत नाही. तोपर्यंत दोन्ही टीमच्या भिंती एकमेकींना जवळपास चिकटून उभ्या राहायच्या, कपाळाला कपाळ, आणि बॉल सुटायच्या आधीच ठोसे, कोपर, नख, सगळं सुरू. अंपायरला काही दिसायचंच नाही. नवीन नियमाने दोन भिंतींमध्ये बॉलच्या लांबीएवढी मोकळी जागा ठेवायची ठरलं. त्याला न्यूट्रल झोन म्हणतात आणि ती कल्पना लुईसची म्हणून सांगतात. पटण्यासारखंही आहे, कारण ती जागा नसली की काय होतं हे ज्याच्या अंगावर उमटलंय त्यालाच ते सुचणार, स्टँडमध्ये बसून चाली आखणाऱ्याला नाही. फूटभर जागा! आजही मॅच लागली, आणि मी चुकून बघितली, तर मला तेवढीच दिसते.

आता त्याच्या आयुष्यातला जो भाग मला नीट पचत नाही तो.

सुरुवातीला हा चांगला तिखट माणूस होता. बुकर टी. वॉशिंग्टन, म्हणजे तेव्हाचा कृष्णवर्णीयांचा सगळ्यात वजनदार पुढारी, 'आधी हाताला काम शिका, राजकीय हक्कांचं नंतर बघू' असं सांगणारा, त्याला बॉस्टनमध्ये लुईसने तोंडावर सांगितलं होतं की तुम्ही दक्षिणेत परत जा, तिथलं शिक्षणाचं काम बघा आणि राजकारण आमच्यावर सोपवा. मग हळूहळू वारं फिरलं. लुईस केंब्रिजच्या सिटी कौन्सिलवर, एक वर्ष राज्याच्या विधिमंडळात, पुढच्या निवडणुकीत पडला. रूझवेल्ट स्वतः हार्वर्डचा, फुटबॉलवेडा, त्याला लुईस आवडायचा. १९०३ला त्याला बॉस्टनमध्ये असिस्टंट युनायटेड स्टेट्स ॲटर्नी नेमलं. आणि अशा नेमणुका तेव्हा कोणाच्या शब्दावर व्हायच्या, तर बुकर टी. वॉशिंग्टनच्या.

त्याच वर्षी ३० जुलैला बॉस्टनच्या एका चर्चमध्ये वॉशिंग्टनचं भाषण होतं. अध्यक्षस्थानी लुईस. सभेत विल्यम मन्रो ट्रॉटर उभा राहिला, हाही हार्वर्डचाच, जहाल पेपरचा संपादक, आणि वॉशिंग्टनला प्रश्न विचारायला लागला की मतदानाच्या हक्काचं काय, आमच्यावर हे सगळं होत असताना तुम्ही गप्प का. सभेत मिरपूड उधळली गेली, धक्काबुक्की, पोलीस आले, ट्रॉटरला पुढे महिनाभर तुरुंग. व्यासपीठावर बसून लोकांना शांत राहा म्हणणारा होता न्हाव्यावरून कायदा बदलून घेणारा लुईस. दहा वर्षांत माणूस समोरच्या बाकावरून व्यासपीठावर जातो, आपण आपल्याकडेही हे इतक्यांदा बघितलंय की मला त्याचा राग येत नाही, नुसतं वाईट वाटतं. आणि दुसरीकडे हेही खरं की सरकारी वकिलाची ती खुर्ची ट्रॉटरला कोणी देणार नव्हतं आणि त्या खुर्चीवर एक काळा माणूस बसलेला दिसणं हेसुद्धा काहीतरी होतंच. मी दोन्हीकडून वाद घालू शकते, घातलाही आहे, नवऱ्याशी, जेवताना.

टाफ्ट प्रेसिडेंट झाल्यावर लुईस अजून वर गेला. १९११ला असिस्टंट ॲटर्नी जनरल, म्हणजे केंद्राच्या कायदा खात्यातला वरिष्ठ अधिकारी, वॉशिंग्टन डीसीमध्ये. अमेरिकेच्या केंद्र सरकारात तोपर्यंत एवढ्या मोठ्या पदावर कृष्णवर्णीय माणूस नेमला गेला नव्हता. त्याच वर्षी अमेरिकन बार असोसिएशनने, म्हणजे वकिलांच्या देशव्यापी संघटनेने, त्याला सदस्य करून घेतलं, आणि मग त्यांना कळलं की तो काळा आहे. म्हणजे देशाचा असिस्टंट ॲटर्नी जनरल, ऑल-अमेरिका, हार्वर्डचा वकील, आणि यांना रंग कळायला वेळ लागला. एक्झिक्युटिव्ह कमिटीने त्याचं सदस्यत्व रद्द करायचा ठराव केला. लुईस म्हणाला मी राजीनामा देणार नाही. इथे मला पुन्हा तो न्हाव्याच्या दुकानातला पोरगा दिसतो. त्याचा बॉस, ॲटर्नी जनरल जॉर्ज विकरशॅम, हाही भडकला आणि त्याने असोसिएशनच्या साधारण ४,७०० सदस्यांना पत्र पाठवलं.

१९१२च्या अधिवेशनात तोडगा निघाला. कसला तोडगा, तर लुईस आणि त्याच्यासोबत आलेले दोन कृष्णवर्णीय वकील यांचं सदस्यत्व राहू द्यायचं, पण यापुढे अर्ज करणाऱ्या प्रत्येकाने आपला वंश लिहायचा. म्हणजे तुम्ही आलात ते आलात, आता मागून कोणी नको. शेवटी कृष्णवर्णीय वकिलांनी १९२५ला आपली वेगळी नॅशनल बार असोसिएशन काढली, आणि मूळ असोसिएशनने वंशावरून सदस्यत्व अडवायचं नाही असा ठराव केला १९४३ला. लुईस तेव्हा पंचाहत्तरीला टेकला होता.

१९१३ला वुड्रो विल्सन सत्तेवर आला आणि लुईसचं पद गेलं. हा विल्सन प्राध्यापक असताना वेस्लियनला फुटबॉलच्या टीमला कोचिंग करायला मदत करायचा बरं का, म्हणजे एका अर्थी व्यवसायबंधू. त्याच्या राजवटीत केंद्र सरकारच्या ऑफिसांमध्ये काळ्या आणि गोऱ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवायला सुरुवात झाली. लुईस बॉस्टनला परतला आणि पुढची पस्तीस वर्षं खासगी वकिली केली, फौजदारी वकील म्हणून चांगलं नाव होतं.

ड्यू बॉइस परत येणार म्हटलं होतं. १८९२ला ॲमहर्स्टच्या समारंभात बसलेला तो तरुण म्हातारा झाला, आणि १९४६च्या जुलैमध्ये त्याला भारतातून एक पत्र आलं. लिहिणारे बाबासाहेब आंबेडकर. अमेरिकेतले कृष्णवर्णीय युनायटेड नेशन्सपुढे अर्ज करणार आहेत असं कळलं, अस्पृश्यांची आणि तुमची स्थिती सारखी आहे, त्या अर्जाच्या प्रती मिळतील का, अशा आशयाचं. ड्यू बॉइसने महिना संपायच्या आत उत्तरही पाठवलं. लुईस तेव्हा बॉस्टनमध्ये हयात होता, वय सत्त्याहत्तर. त्याचा या पत्राशी काहीही संबंध नाही. पण एका माणसाने अख्खं अर्धशतक कसं ओलांडलेलं असतं ते मला अशाच ठिकाणी जाणवतं, म्हणून लिहिलं.

१ जानेवारी १९४९ला तो गेला. कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं २००९ला, म्हणजे गेल्यावर साठ वर्षांनी, आणि तेसुद्धा खेळाडू म्हणून. कोच म्हणून त्याचं नाव यायचं तर जिंकलेल्या-हरलेल्या मॅचेसचा हिशोब लागतो, तो मुख्य कोचच्या नावावर लिहिला जातो, आणि मुख्य कोच त्याला हार्वर्डने कधी केलंच नव्हतं. त्यामुळे १८९८चा तो न हरलेला सीझन रेकॉर्ड बुकात फोर्ब्सच्या नावावर आहे.